मूळ 'स्टार ट्रेक'मधला तुमचा सगळ्यात आवडता भाग कोणता, आणि का?

बालाघाट, अंबाजोगाई

८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९. तीन हंगाम, ७९ भाग. कॅप्टन कर्क, तर्कावर चालणारा अर्धा व्हल्कन (परग्रहावरच्या जातीचा) स्पॉक, डॉक्टर मॅकॉय आणि त्यांचं अंतराळयान एंटरप्राइझ. पुढच्या मालिका आणि सिनेमे आपल्या जागी चांगलेच आहेत, पण इथं फक्त या ७९ भागांबद्दल बोलू या. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागायची. तेव्हा शेजारच्या ओसरीत बसून बघणारे लोक आपल्या मराठवाड्यात पुष्कळ आहेत, आणि आता मोबाइलवर बघून प्रेमात पडलेली कॉलेजची पोरंही आहेत. दोघांनीही लिहावं. नुसतं नाव टाकून जाऊ नका, का आवडतो ते सांगा.

माझी निवड 'द डेव्हिल इन द डार्क'. पहिल्या हंगामातला, ९ मार्च १९६७ चा, जीन कून यांनी लिहिलेला. जॅनस ६ या ग्रहावर खाणी आहेत. तिथल्या बोगद्यांत कुणीतरी राक्षस पन्नासहून जास्त कामगारांना जाळून मारतो. कर्क त्याला ठार करायला आलेला. मग कळतं की हा राक्षस म्हणजे खडक पोखरत जगणारी होर्टा नावाची एक आई आहे. कामगारांना खाणीत जे सिलिकॉनचे गोळे सापडत होते आणि जे त्यांनी हजारोंनी फोडून टाकले, ती तिची अंडी होती.

हे रहस्य एकदा कळलं की भाग जुना व्हायला हवा. तो होत नाही, आणि याचं कारण मधला एक प्रसंग. सुरुवातीला स्पॉक म्हणत असतो की हा जीव बहुधा आपल्या जातीतला शेवटचा आहे, शक्यतो वाचवावा. कर्क ऐकत नाही. नंतर बोगदा ढासळतो आणि कर्क एकटा होर्टासमोर अडकतो. तेव्हा घाबरलेला स्पॉक दुसऱ्या टोकाकडून सांगतो, मारून टाका तिला. आणि आता कर्क शस्त्र रोखून धरतो, पण चालवत नाही. दोघांनी एकमेकांच्या भूमिका घेतल्यात आणि दोघांच्याही वागण्याला कारण आहे. मित्राच्या जिवावर बेतलं की स्पॉकचं तर्कशास्त्र कुठं जातं, हे कुणीही बोलून न दाखवता दिसतं.

विज्ञान शिकवतो म्हणून एवढं जोडतो. आवर्तसारणीत कार्बनच्या बरोबर खाली सिलिकॉन येतं, त्यालाही चार बंध जोडता येतात. म्हणून सिलिकॉनच्या जीवाची कल्पना शास्त्रज्ञांनीही केलेली आहे. अडचण अशी की कार्बन जळला तर वायू होतो, श्वासावाटे बाहेर टाकता येतो. सिलिकॉनचं ऑक्साइड म्हणजे वाळू. मुलांना हा भाग सांगितला की ती स्वतःच विचारतात, "सर, मग होर्टा उच्छ्वास कसा सोडत असेल?" आपण ज्या काळ्या पाषाणावर राहतो त्यात जवळजवळ निम्मं सिलिका आहे, हेही त्याच तासाला सांगून होतं.

होर्टाचं सोंग यानोश प्रोहास्का यांनी स्वतः तयार केलेलं आणि आत शिरून तेच सरपटलेत. जळक्या गोधडीसारखं ते दिसतं. तरी स्पॉक तिच्या अंगावर हात टेकून तिची वेदना ओरडून सांगतो तेव्हा माझ्या वर्गात कुणी हसलेलं मला आठवत नाही.

माझं मत असं, की या मालिकेचे सगळ्यात चांगले भाग तेच, जिथं समोरच्याला ओळखल्यावर हात खाली येतो. बाकीच्यांचं काय म्हणणं?


पेव, सेलू

बालाघाट सर, होर्टा तर हायेच. पण माझं पहिलं नाव 'द ट्रबल विथ ट्रिबल्स'. २९ डिसेंबर १९६७. डेव्हिड जेरॉल्ड यांनी लिहिलेला. के-७ अंतराळस्थानकाच्या कोठारात शर्मन्स प्लॅनेटला न्यायचं बियाणं भरून ठेवलेलं असतं. त्यात ट्रिबल शिरतात. गोल, केसाळ, गुरगुरणारे, खात्यात आन् वितात, दुसरं काहीच करत न्हाईत.

आमचा धंदा बियाण्याचाच, म्हणून मला त्यातलं कोठार आवडतं. ते धान्य क्वाड्रोट्रिटिकेल. ते काल्पनिक आहे, पण ट्रिटिकेल खरं आहे. गहू आणि राय या दोन धान्यांचा संकर. १९५४ पासून कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठात त्याच्यावर मोठं काम झालं, आणि मालिकेत स्पॉक कॅनडाचंच नाव घेतो. लिहिणाऱ्यानं अभ्यास केलेला आहे बघा.

आणि शेवट. कर्क कोठाराचं झाकण उघडतो, वरनं ट्रिबलांचा ढीग त्याच्या अंगावर. सगळे त्याला हसवणारा भाग म्हणून आठवतेत. पण त्यातले बहुतेक ट्रिबल मेलेले असतेत! बियाण्यात विष कालवलेलं असतं. ते तसंच शर्मन्स प्लॅनेटला गेलं असतं तर अख्खी वसाहत उपाशी मेली असती. बियाण्यात भेसळ किंवा उगवण न होणं म्हणजे काय असतं हे मृगात पेरणाऱ्या माणसाला सांगायची गरज नाही. मला त्या भागात हसू येतं, आणि शेवटाला अंगावर काटाही येतो.


बालाघाट, अंबाजोगाई

पेवभाऊ, त्यातला स्पॉकचा हिशोबही पक्का आहे. एका ट्रिबलला दर बारा तासांनी सरासरी दहा पिल्लं. म्हणजे दर बारा तासांनी संख्या अकरा पट. तीन दिवसांत सहा फेऱ्या. अकराचा सहावा घात : १७,७१,५६१. स्पॉक अगदी हाच आकडा सांगतो. दहावीच्या पोरांना घातांक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.


गोदातीर, नांदेड

'स्पेस सीड'. १६ फेब्रुवारी १९६७.

नांदेडच्या माणसानं हा भाग निवडला नाही तर कुणी निवडायचा? अंतराळात भरकटलेल्या बॉटनी बे या जुन्या यानात गोठवून झोपवलेली माणसं सापडतात. त्यांचा म्होरक्या खान नूनिएन सिंग. एंटरप्राइझवरच्या इतिहासकार मार्ला मॅकगिव्हर्स त्याच्याकडं बघून अंदाज करतात की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. कथेप्रमाणं १९९२ ते १९९६ या काळात त्यानं पृथ्वीच्या पाव भागाहून जास्त प्रदेशावर राज्य केलेलं असतं.

मी गुरुद्वाऱ्याच्या सावलीत वाढलो. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये जिथं देह ठेवला त्या गावात शीख कसा दिसतो, कसा बोलतो हे लहानपणापासून रोज बघितलेलं. त्यामुळं खानला दाढी नाही, केस राखलेले नाहीत, हे मला पहिल्याच वेळी खटकलं आणि आजही खटकतं. फेटा दिसतो तो फक्त मॅकगिव्हर्सनी काढलेल्या त्याच्या चित्रात. भूमिका करणारे रिकार्डो मोंटाल्बान मेक्सिकोचे. १९६७ सालच्या अमेरिकन टीव्हीकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती असं कुणी म्हणेल, पण त्याच मालिकेनं जहाजाच्या पुलावर, म्हणजे नियंत्रणकक्षात, कृष्णवर्णीय उहुरा आणि आशियाई सुलू यांना बसवलं होतं. म्हणजे त्यांना जमत होतं. म्हणून मी सूट देत नाही.

तरी भाग आवडतो, आणि त्याचं कारण मोंटाल्बान. खान जेवणाच्या टेबलावर बसून बोलतो तेव्हा समोरचे सगळे, कर्कसुद्धा, त्याच्याकडं थोडे खेचले जातात. क्रूर माणसाकडं लोक का खेचले जातात हे त्या एका जेवणात दिसतं. खान हरल्यावर कर्क त्याला तुरुंगात न टाकता सेटी अल्फा ५ या ओसाड ग्रहावर आपलं राज्य उभं करायला सोडतो. तिथूनच १९८२ चा सिनेमा निघाला.

आणि बालाघाट सर, तुमच्या कसोटीला हा भाग उतरत नाही. मॅकगिव्हर्सनी खानला ओळखलं, त्याचा इतिहास त्यांना पाठ होता, तरी त्या फसल्या. ओळख झाली की हात खाली येतो, आणि कधी कधी खाली आलेल्या हातामुळंच घात होतो.


वाचनखूण, उदगीर

मी ग्रंथालयात काम करते. त्यामुळे 'ऑल अवर यस्टरडेज' माझा. १४ मार्च १९६९, शेवटून दुसरा भाग. तिसऱ्या हंगामाचं नाव काढलं की लोक तोंड फिरवतात. पैसे कमी केलेले, वेळ शुक्रवारी रात्री दहाची केलेली, मालिकेचे जनक रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झालेले, हे सगळं खरं. पण हा भाग त्याच हंगामातला आहे.

सार्पायडन ग्रहाचा सूर्य काही तासांत फुटणार आहे. ग्रहावर कुणीच नाही. उरलाय फक्त एक ग्रंथपाल, मिस्टर एटोझ. त्यानं सगळ्या लोकांना एका यंत्रातून ग्रहाच्याच भूतकाळात पाठवून दिलंय. ज्याला जो काळ हवा त्यानं त्या काळाची तबकडी काढायची, बघायची आणि तिथं राहायला जायचं. लेखिका जीन लिसेट अरोस्ट या स्वतः लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ग्रंथपाल होत्या. ते कळतं. एटोझला काळजी एकाच गोष्टीची, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं का. जग संपत आलंय आणि तो उशिरा आलेल्या वाचकाच्या मागं लागलाय. मार्चअखेरीला नोंदवह्या बंद करताना मला हा माणूस हटकून आठवतो.

स्पॉक आणि मॅकॉय चुकून पाच हजार वर्षं मागं हिमयुगात जातात. तिथं एकटी राहणारी झाराबेथ भेटते. त्या काळातले व्हल्कन अजून रानटी होते, म्हणून स्पॉकही हळूहळू तसा होत जातो. मांस खातो, चिडतो, प्रेमात पडतो. मॅकॉय त्याला परत आणतो. ज्या मॅकॉयनं आयुष्यभर स्पॉकला 'तुला भावना नाहीत' म्हणून टोचलं, त्यालाच स्पॉकच्या भावना मोडून त्याला परत न्यावं लागतं. याच्याइतकं दुःखी मला या मालिकेत दुसरं काही वाटत नाही. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर'सुद्धा नाही, आणि तो दुसऱ्या नंबरला आहेच.


मांजरा, लातूर

ताई, दुसऱ्या नंबरला?? 'सिटी' पहिलाच. ६ एप्रिल १९६७. हार्लन एलिसन यांची कथा. विज्ञानकथांसाठीचा १९६८ चा ह्यूगो पुरस्कार. मॅकॉय चुकून औषधाच्या अंमलाखाली काळाच्या दारातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातो आणि इतिहास बदलतो, एंटरप्राइझच नाहीशी होते. कर्क आणि स्पॉक मागं जातात. तिथं एडिथ कीलर गरिबांना सूप वाटत असते. कर्क तिच्या प्रेमात पडतो. आणि स्पॉकला कळतं की एडिथ रस्त्यावरच्या अपघातात मरायलाच हवी. ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळं अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि अणुबॉम्ब आधी हिटलरच्या हातात येईल.

शेवटी मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो. बस्स. मी लातूरच्या होस्टेलवर हा भाग बघितला तेव्हा खोलीतले सगळे गप्प झाले होते.

बालाघाट सरांची कसोटी इथं मोडते असं मला वाटतं. कर्क एडिथला सगळ्यात जास्त ओळखतो. ओळखूनच तिला मरू देतो. माझ्या मते चांगला भाग तो, जिथं काहीतरी गमावल्याशिवाय वाट निघत नाही. होर्टाच्या भागात शेवटी सगळ्यांचं भलं होतं. पिल्लं बोगदे खणतात, कामगार श्रीमंत होतात. इतकं गोड जगात होत नाही.


बालाघाट, अंबाजोगाई

गोड कुठं? पन्नास घरांतले कर्ते गेलेत आणि त्या आईची हजारो पिल्लं गेलीत. दोन्ही बाजूंनी मढी मोजूनच तडजोड झालीय. त्या कामगारांना आपल्या सोबत्यांना मारणारीबरोबर रोज काम करायचंय. ते सोपं नाही.


वाचनखूण, उदगीर

'सिटी'बद्दल मला एक अडचण आहे. एडिथचं म्हणणं बरोबर होतं, पण वेळ चुकीची होती, असं भाग आपल्याला सांगतो. शांतता मागणारी बाईच मरायला हवी, मग जग सुरळीत चालेल. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं असताना, १९६७ मध्ये. प्रत्येक वेळी बघताना मला रडू येतं आणि प्रत्येक वेळी हा प्रश्नही पडतो. एलिसन यांना त्यांच्या पटकथेत केलेले बदल मान्य नव्हते, त्यावरून रॉडनबेरींशी त्यांचं वैर बराच काळ चाललं. त्यांच्या मूळ पटकथेलाही लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे एकाच गोष्टीची दोन रूपं आणि दोन्ही गौरवलेली.


दुधना, जालना

मला दोन ओळींतच सांगायचं होतं, पण 'जर्नी टू बेबल'चं दोन ओळींत होत नाही.

१७ नोव्हेंबर १९६७. लेखिका डोरोथी फॉन्टाना. स्पॉकचे वडील सारेक राजदूत म्हणून एंटरप्राइझवर येतात. सोबत आई, अमांडा. बापलेक अठरा वर्षं एकमेकांशी घरचं म्हणून बोललेले नाहीत. वडिलांना मुलगा व्हल्कनच्या विज्ञान अकादमीत हवा होता, मुलगा स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे एंटरप्राइझच्या ताफ्यात गेला. एवढंच कारण.

माझ्या वडिलांची मोसंबीची बाग. मी पुण्याला नोकरी धरली. त्यानंतर आमचं बोलणं आईमार्फत. 'त्याला म्हणावं जेवून घे.' 'त्यांना सांग मी निघालो.' दोघं एकाच खोलीत. २०१२-१३ च्या दुष्काळात बाग वाळली, टँकरनं पाणी घालूनही झाडं गेली, तेव्हा ते पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. ते काय बोलले ते इथं लिहीत नाही.

भागात सारेक आजारी पडतात, शस्त्रक्रियेला स्पॉकचं रक्त लागणार. पण कर्क जखमी, जहाज संकटात, आणि स्पॉक कप्तानाची खुर्ची सोडायला तयार नाही, कारण कर्तव्य. आई विनवते. तो नाही म्हणतो. ती थोबाडीत मारते. दार बंद झाल्यावर स्पॉक त्या बंद दाराला हात लावतो. मग कर्क बरा असल्याचं नाटक करून उठून येतो, म्हणजे स्पॉकला जाता यावं. मैत्री कशी असते हे मला विचाराल तर ते नाटक.

शेवटी बापलेक दवाखान्यात शेजारी शेजारी झोपलेले आणि दोघं मिळून अमांडाला चिडवतात. कुणी कुणाची माफी मागत नाही. आपल्याकडंही असंच मिटतं.

सारेक झालेले मार्क लेनर्ड हे स्पॉक झालेल्या निमॉय यांच्याहून जेमतेम साडेसहा वर्षांनी मोठे होते. पडद्यावर कुठंच जाणवत नाही.


पेव, सेलू

दुधनाभाऊ, डोळ्यात पाणी आणलं तुम्ही.


पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर

सगळ्यांचं वाचतेय. मला आवडता भाग सांगण्याआधी न आवडणारा सांगायचाय, कारण त्याचं नाव लवकरच कुणीतरी काढेल. 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड', १० जानेवारी १९६९. अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा असलेले दोघं. बील हा पोलीस, लोकाई हा पळून आलेला बंडखोर. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. कर्कला फरकही दिसत नाही. पन्नास हजार वर्षं बील लोकाईच्या मागावर. शेवटी त्यांच्या ग्रहावर सगळे एकमेकांना मारून संपलेले असतात आणि हे दोघं तिथंही भांडत जातात.

शाळाकॉलेजात भेदभावाविरुद्ध बोलायचं असलं की लोक हा भाग दाखवतात. माझे आईवडील नामांतराच्या चळवळीत होते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात कुणाची घरं जळाली ते आमच्या घरात आकड्यांनी नाही, गावांच्या नावांनी सांगितलं जातं. १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट बघावी लागली. म्हणून मला त्या भागाचा राग येतो. लोकाईचे लोक गुलाम होते, बीलचे मालक. ही गोष्ट भाग स्वतःच सांगतो, आणि शेवटी मात्र दोघांना एकाच मापानं मोजून 'द्वेष वाईट' म्हणून मोकळा होतो. ज्याचं घर जळतं आणि जो जाळतो, दोघांच्या रागाचं वजन एक नसतं.

माझा आवडता भाग 'बॅलन्स ऑफ टेरर'. १५ डिसेंबर १९६६. रोम्युलन लोकांशी शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालेलं, पण कुणी त्यांचा चेहरा बघितलेला नाही. पहिल्यांदा पडद्यावर दिसतात तेव्हा ते हुबेहूब स्पॉकच्या जातीचे निघतात. आणि एंटरप्राइझच्या पुलावर बसलेला लेफ्टनंट स्टाइल्स त्या क्षणापासून स्पॉककडं गुप्तहेर म्हणून बघू लागतो. त्याचे पूर्वज त्या युद्धात गेलेत. कर्क त्याला सगळ्यांसमोर बजावतो की हा द्वेष आपल्या खोलीत ठेव, पुलावर त्याला जागा नाही. इथं कोण कुणावर अन्याय करतोय यात कसलीही गफलत नाही. आणि तो अन्याय शत्रूच्या जहाजावर नाही, आपल्याच जहाजावर, आपल्याच माणसाकडून होतोय. अशी गोष्ट मला पटते.


मांजरा, लातूर

पाणचक्कीताई, १०० टक्के. आणि रोम्युलन कमांडर झालेले तेच मार्क लेनर्ड, दुधनादादांचे सारेक! दोन जहाजं, एकमेकांना न दिसणारे दोन कप्तान, पाणबुड्यांच्या लढाईची चाल. शेवटी तो कमांडर कर्कला सांगतो की वेगळ्या परिस्थितीत आपण मित्र झालो असतो.


बहात्तरचा, भूम

धागा उशिरा बघितला. माझा भाग अजून कुणी घेतलेला नाही. 'द कॉन्शन्स ऑफ द किंग', ८ डिसेंबर १९६६. सहसा कुणी पहिल्या दहात धरत नाही. अंतराळाची लढाई नाही, राक्षस नाही. एक नाटक मंडळी आणि तिचा म्हातारा नट, एवढंच.

टार्सस ४ नावाची वसाहत. आठ हजार माणसं. बुरशीनं जवळजवळ सगळं धान्य नासलं. राज्यपाल कोडॉस यानं ठरवलं की अर्ध्यांना मारू, म्हणजे अर्धे जगतील. कोण जगायच्या लायकीचा हे त्यानंच ठरवलं. चार हजारांहून जास्त लोक मारले. आणि धान्याची जहाजं ठरल्यापेक्षा आधी आली. वीस वर्षांनी कर्कला संशय येतो की हा नट म्हणजेच कोडॉस. कर्क लहानपणी त्याच वसाहतीत होता.

माझं बालपण बहात्तरच्या दुष्काळातलं. आईवडील खडी फोडायला, आम्ही पोरं कामाच्या जागी सुकडी खायला. मिलोची लाल भाकरी, तिचा वास मला अजून येतो. गोठ्यात दोन बैल होते आणि कडबा एकालाच पुरेल इतका. वडिलांनी कोणता बैल बाजारात न्यायचा हे ठरवायला किती रात्री घालवल्या ते मी अंथरुणातून ऐकलंय. म्हणून कोडॉसनं असं ठरवलं हे ऐकल्यावर मी टीव्हीसमोरून उठलो नाही.


मांजरा, लातूर

काका, रागावू नका, पण भागातच हा मुद्दा निघतो. जहाजं लवकर आली नसती तर कोडॉस इतिहासात थोर ठरला असता. चार हजार तरी वाचवले. त्याच्या जागी दुसऱ्या कुणी काय केलं असतं?


बहात्तरचा, भूम

रागावत नाही. बरोबर प्रश्न आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

दुष्काळात पुढचं धान्य कधी येणार हे कुणालाच ठाऊक नसतं. आज येईल, पंधरा दिवसांनी येईल, येणारच नाही. हे ठाऊक नसताना रोज सकाळी उठून आहे त्यात भागवायचं, हाच दुष्काळ. कोडॉसनं धरून चाललं की आपल्याला ठाऊक आहे. तिथं तो गुन्हेगार झाला, जहाजं आली त्या दिवशी नाही. जहाजं वर्षभर उशिरा आली असती तरी तो गुन्हेगारच.

दुसरं. त्यानं सगळ्यांचा घास निम्मा केला नाही. माणसं निम्मी केली. आमच्याकडं सुकडी वाटताना म्हातारं, लंगडं, तान्हं असा हिशोब कुणी केला नाही. सगळ्यांना थोडी थोडी मिळाली, सगळे अर्धपोटी राहिले. त्या अर्धपोटी माणसांनी पाझर तलाव बांधले, रस्ते केले. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला तो याच अनुभवातून. पोटाला कमी पडतंय म्हणून माणूस वजा करायचा नसतो.

आणि भागाची ताकद पुढंच आहे. कर्कला बदला घेता येईल, पुरावा हातात येत चाललाय, तरी तो थांबतो, तपासतो, आवाजाचे नमुने जुळवतो, स्वतःला विचारतो की मला न्याय हवाय की सूड. ज्याच्या डोळ्यांदेखत चार हजार माणसं गेली तो पोरगा मोठा होऊन खुनी माणसालाही घाईनं मारत नाही. बालाघाट सरांचा हात खाली येणं आणि मांजराचं गमावणं, दोन्ही इथं आहे.


गोदातीर, नांदेड

काका, बैलाचं पुढं काय झालं?


बहात्तरचा, भूम

दोन्ही ठेवले. वडिलांनी छपराचं गवत काढून घातलं. एक पुढच्या उन्हाळ्यात गेला.


वाचनखूण, उदगीर

हे वाचून हा भाग आज रात्री पुन्हा बघणार. 'हॅम्लेट'चे प्रवेश त्यात होतात म्हणून मी त्याला आजवर नाटकाचा भाग समजत आले. धान्याकडं लक्षच गेलं नव्हतं.


मांजरा, लातूर

काकांच्या उत्तरावर विचार करतोय. पटलं आहे, पण 'सिटी' माझा पहिलाच राहील. जाता जाता दोन नावं. 'द डूम्सडे मशीन' (२० ऑक्टोबर १९६७) : सगळी माणसं गमावलेला कमोडोर डेकर, विल्यम विंडम यांचा अभिनय बघा, वेड लागलेला माणूस ओरडत नाही, खुर्चीत बसून हातातल्या वस्तूशी चाळा करतो. आणि 'द अल्टिमेट कॉम्प्युटर' (८ मार्च १९६८) : जहाज चालवायला एम-५ संगणक बसवतात आणि कर्कला काम उरत नाही. आमच्या ऑफिसात आज सगळे जे बोलतात ते तेव्हाच बोलून झालंय. संगणकाचा निर्माता डॉक्टर डेस्ट्रम, आणि ती भूमिका विल्यम मार्शल या कृष्णवर्णीय नटानं केलेली. १९६८ साली जगातला सर्वांत हुशार संगणकतज्ज्ञ कृष्णवर्णीय दाखवणं, आणि त्यावर कुठंही भाषण न देणं. पाणचक्कीताईंना हे आवडेल.


पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर

आवडलं. उहुराचंही हेच. निशेल निकोल्स पहिल्या हंगामानंतर मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना भेटून राहायला सांगितलं, कारण टीव्हीवर पहिल्यांदा आमची बाई नोकराणी नसलेली दिसतेय. आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, मग त्या बाईंना किती बोलायला देतात ते बघ. खरंच बघितलं. फार कमी देतात. आईचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही आणि मालिका बघणंही मी सोडत नाही.


दुधना, जालना

सरांना विचारायचंय. माझी मुलगी आठवीत आहे. इंग्रजी बरं आहे. सुरुवात कुठून करू? ट्रिबल्स का होर्टा?


बालाघाट, अंबाजोगाई

दोन्ही नंतर. मी ट्रिबल्सनं सुरुवात केलेली मुलं पाहिलीत, ती मग प्रत्येक भागात गंमतच शोधतात. 'बॅलन्स ऑफ टेरर' दाखवा. आठवीच्या मुलीला लपाछपीची लढाई सहज कळते आणि स्टाइल्सचं वागणं वर्गात रोज दिसतं. मध्ये थांबवून काही समजावू नका. सुरुवातीला जहाजावर एक लग्न लागत असतं, धोक्याचा इशारा होतो आणि ते अर्धवट राहतं. बरेच जण तो प्रसंग पुढं ढकलून थेट लढाईवर जातात. तसं करू नका. पूर्ण लढाईत एंटरप्राइझवर एकच माणूस मरतो, तो त्यातला नवरदेव. आणि तो जिथं काम करत असतो तिथून स्टाइल्सला जिवंत बाहेर काढणारा स्पॉक असतो. सुरुवात बघितली नसेल तर शेवटी कोण गेलं आणि कोण वाचलं हे तिला नुसतं नावांनी कळेल.